रिकाम्या मांडीचं तिकीट

मी तिकिटातली आई बोलतेय. हो, टपालाच्या तिकिटातली. जरा जवळ या, मी अंगठ्याच्या नखापेक्षा फार मोठी नाही. आणि माझ्या मांडीकडे बघून लगेच "अरेरे" म्हणू नका. ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

माझं मूळ एका चर्चमधल्या जुन्या चित्रात. त्यात माता मरिया मांडीवरच्या बाळ येशूकडे मान झुकवून बघत बसली आहे. नाताळच्या तिकिटासाठी कुणीतरी ते चित्र चारही बाजूंनी कापून इवलंसं केलं. छापखान्यात आधी निळ्या शाईत आई छापायची, मग तोच कागद पुन्हा यंत्रात घालून तपकिरी शाईत बाळ. या दुसऱ्या खेपेला दोन कागद एकमेकांना चिकटून आत गेले. वरच्याला बाळ मिळालं. मी खालच्या कागदावर होते.

तपासणाऱ्या बाईंनी गठ्ठा अंगठ्यानं फर्रकन मोजला आणि पुढे ढकलला. त्या एका कागदावरच्या आम्ही पन्नास जणी बाळाविना पोस्टात पोचलो. एकोणपन्नास जणी शुभेच्छापत्रांवर चिकटून गावोगाव गेल्या. एकाही गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नाही. पाकीट टाकायच्या घाईत आईची मांडी कोण बघतं? शेवटी मी उरले. खिडकीमागच्या कारकूनबुवांना तिकिटं जमवायचा नाद. त्यांचे डोळे चमकले, त्यांनी खिशातले पैसे गल्ल्यात टाकले आणि मला चिमट्यानं अलगद उचललं. त्या दिवसापासून मी कैदेत आहे.

कैद म्हणजे काळ्या पानांचा अल्बम, पानावर पारदर्शक खिसा आणि खिशात मी. पाठीवरचा डिंक अजून कोराच आहे. तिकिटाच्या जन्माला येऊन मी कधी पत्रावर बसले नाही, शिक्का खाल्ला नाही, पोस्टमनच्या थैलीत चार पत्रांबरोबर चेंगरले नाही. अल्बम मिटला की समोरच्या पानावरचा कुणी मिशीवाला सेनापती नाकासमोर येतो आणि जीव नुसता गुदमरतो.

घरी पाहुणे आले की कारकूनबुवा चहा यायच्या आत मला पुढ्यात ठेवत.

"बघा, मांडी रिकामी! बाळ असतं तर कवडीमोल. बाळ नाही म्हणून तर लाखात एक!"

पाहुणे भिंगातून बघत आणि वा वा करत. चहाचा ट्रे घेऊन त्यांची बायको दारातच थबकलेली असे. या घरात एकदाच आशा लागली होती आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्यावर नवरा-बायको पुन्हा एक अक्षर बोलले नव्हते. हे मला तिनंच सांगितलं. दुपारी एकटी असली की ती अल्बम उघडून माझ्याशी बोलायची.

"बाई गं," एकदा म्हणाली, "मूल नाही म्हणून भाव वधारलेली तूच एकटी. माझा तर सासरी घसरलाच."

मला त्या दिवशी माझ्या किमतीची लाज वाटली.

ती फोटो स्टुडिओत रिटचिंग करायची. लोकांच्या गालावरचे डाग घालवायचे, फोटोत मिटलेले डोळे बारीक पेन्सिलीनं उघडायचे, हे तिचं काम. तिचा हात कधी कापत नसे.

मग मोठ्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. मला जाड प्लास्टिकच्या डबीत कायमचं सीलबंद करणार होते. "आता हिला वारासुद्धा लागायचा नाही," कारकूनबुवा खुशीत म्हणाले.

आदल्या दुपारी ती आली. तिनं तपकिरी पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी केली, मला खिशातून बोटांनी बाहेर काढलं आणि डोळ्याला भिंग लावलं. आधी डोकं, मग पोट, मग माझी शाल पकडलेली मूठ. शेवटी तिनं हलकेच फुंकर मारली. माझी मांडी भरली होती.

सकाळी कारकूनबुवांनी अल्बम उघडला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अगं, काय करून ठेवलंस हे! थांब, पेन्सिलच आहे. खोडता येईल."

खोडरबर माझ्या मांडीपर्यंत आलं. बाळाला पोटाशी घट्ट धरावं म्हटलं, पण छापलेले हात हलत नाहीत.

"खोडा," ती म्हणाली. आवाज शांत होता. "एकदा माझ्या पोटातून गेलं, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. आता तुमच्या हातानं जाऊ दे. मी बघते."

खोडरबर थांबलं. बाहेर प्रदर्शनाला न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. कारकूनबुवांनी भिंग उचललं आणि बराच वेळ खाली वाकून बघत राहिले.

"हनुवटी तुझी आहे," ते म्हणाले.

"कान तुमचे. बाहेरच आलेत थोडे."

ते हसायला गेले आणि त्यांना रडू फुटलं. गाडी रिकामी परत गेली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून त्याच खिशात आहे. खोटं कशाला बोलू, पत्रावर बसायची हौस राहूनच गेली. जाणकार म्हणतात, तिकीट वाया गेलं. पाहुण्यांना मला कुणी दाखवत नाही. म्हातारा-म्हातारी दोघंच कधीतरी पान उघडतात, बघतात, मिटतात. कैद तीच आहे, पण माझी झुकलेली मान आता कुणाकडे तरी बघते.

एवढंच मागणं आहे. उद्या हा अल्बम तुमच्या हाती आला, तर भिंग आणा, चिमटा आणा. खोडरबर मात्र घरी ठेवून या.