डायलचे पाय

माझ्या दादाला त्याच्या मंडळात 'ओरिजनलराव' म्हणतात. त्याला वाटतं, हा मान आहे. जुनी सोन्याची मनगटी घड्याळं जमवणाऱ्यांचं हे मंडळ. अधूनमधून रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमायचं, हिरवं कापड घातलेल्या टेबलाभोवती बसायचं, आणि एकमेकांची घड्याळं भिंगातून अशी न्याहाळायची की घरच्या बायकांना हेवा वाटावा. सोन्याचं त्यांना विशेष काही नाही. सोनं काय, कुठंही मिळतं, असं दादा म्हणतो. सगळा जीव डायलमध्ये. आकड्यांची ती पातळ चकती कारखान्यातून निघाली तशीच हवी. पिवळी पडो, डाग पडोत, पण पुन्हा रंगवलेली चालायची नाही.

बाबा गेले तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. बाबांची लाँड्री होती, आता ती मी चालवते. त्यांच्या मनगटावर एक सोन्याचं घड्याळ असे, तरुणपणी हौसेनं घेतलेलं. वाफेच्या इस्त्रीवर वाकतानाही ते काढायचे नाहीत. वाफ आत शिरून शिरून डायल तपकिरी झाली होती. चारच्या आकड्यापाशी दाट, आणि वर जावं तशी फिकट. मी वेळ बघायला शिकले ती त्याच डायलवर.

"बाबा, यात चहा सांडलाय?"

"दिवसभर चालतं ना ते," बाबा म्हणायचे, "त्यालाही घोटभर लागतो."

जाताना ते घड्याळ त्यांनी मला दिलं. दादा म्हणाला, "आण इकडं, साफ करून देतो." साफ होऊन आलं तेव्हा डायल पांढरीशुभ्र. माझं तोंड एवढंसं झालं, पण बोलले नाही. भावानं मायेनं केलेलं काम. शिवाय लाँड्रीवालीनं डाग गेला म्हणून रडायचं तरी कुठल्या तोंडानं?

मग एकदा वहिनीनं कौतुकानं दादाचं कपाट उघडून दाखवलं. "हे बघा वन्सं, यांचं सगळ्यात लाडकं. माझ्याकडे कधी असं बघत नाहीत."

कंपनी बाबांच्या घड्याळाचीच, पण बॉडी जाडजूड सोन्याची, आणि तिच्यात बाबांची डायल. चारच्या आकड्यापाशी तोच चहा.

मी "छान आहे हो" म्हटलं आणि लाँड्रीत येऊन एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर जाळली.

भांडता आलं असतं. पण दादा हसून म्हणाला असता, 'अगं, तुला त्यातलं काय कळतं?' आणि विषय संपला असता. मला डायल परत हवी होती, पण गुपचूप नको होती. ज्यांच्यापुढं तो ती मिरवत होता, त्यांच्यादेखत हवी होती. म्हणून मी गोड झाले. जाता-येता दादाकडे डोकवायचं आणि घड्याळांचं विचारायचं. ऐकणारं माणूस मिळालं की दादा थांबत नाही.

"डायलला मागून दोन बारीक पाय असतात," तो सांगायचा. "मशीनच्या भोकांत बरोब्बर बसतात. कंपनी तीच असली, पण मशीन वेगळं असलं, तर पाय जुळत नाहीत. मग हरामखोर लोक पाय कापतात आणि डायल सरळ चिकटवून टाकतात."

"अगं बाई! असं कोण करतं?"

"असतात एकेक नीच," दादा म्हणाला. पापणीसुद्धा हलली नाही त्याची.

अशा नीचांसाठी त्यानंच मंडळात नियम आणला होता. टेबलाशी बसलेल्या कुणीही 'डायल उचला' म्हटलं, तर मालकानं ती काढून मागची बाजू दाखवायची, नाही म्हणायचं नाही. लबाडी निघाली, तर त्या माणसाशी मंडळाचा संबंध संपला. एका दातांच्या डॉक्टरला दादानं असाच बाहेर काढला होता, बिचाऱ्याला चहाही पुरा पिऊ दिला नव्हता. टेबलाशी बसायला मात्र अट एकच. स्वतःचं जुनं सोन्याचं घड्याळ पुढ्यात ठेवायचं, आणि त्यात खोटं काय आहे ते आधी सांगायचं.

दादाला अध्यक्ष करायचं ठरलं. बैठक त्याच्याच घरी. मी वहिनीच्या हाताखाली म्हणून सकाळीच गेले. सगळे बसल्यावर हात पुसले आणि एक खुर्ची ओढली.

"अगं, तू कुठं बसतेस?" दादा म्हणाला.

"बाबांचं घड्याळ आणलंय." मी ते हिरव्या कापडावर ठेवलं. "बॉडी सोन्याची, मशीन खरं. डायल रंगवलेली आहे, आधीच सांगते."

एक म्हातारे वकील होते, ते खूश झाले. "ओरिजनलराव, तुमच्या बहिणीइतकं खरं आमच्यात कुणी बोलत नाही. बसू द्या."

दादाचं लाडकं घड्याळ हातोहात फिरू लागलं. वकिलांनी भिंग लावलं. "अहाहा! असा रंग देता येत नाही, तो यावा लागतो."

"वाफेनं येतो," मी म्हटलं.

दादानं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात घड्याळ माझ्या हातात आलं होतं. इतक्या दिवसांनी ती डायल माझ्या तळहातावर. मी काचेवरून चारच्या आकड्यावर अंगठा फिरवला.

"डायल उचला."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"वेडी आहेस का तू?" दादा माझ्या कानाशी आला. "घरी बोलू आपण."

"घरीच आहोत, दादा."

मंडळाच्या घड्याळजीनं वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी दादाकडे. नियम दादाचाच. घड्याळजीनं मशीन बाहेर घेतलं, काटे काढले. डायल उचलताना चर्र आवाज झाला. मागं पिवळट गोंद होता, आणि पायांच्या जागी दोन खुंट.

"कुणी कापले?" वकिलांनी विचारलं.

दादा भिंग पुसू लागला.

"त्याला विचारा," मी म्हटलं, "बहिणीचं घड्याळ साफ करायला नेलं, त्या दिवशी चिमटा कुणाच्या हातात होता."

"माझ्या," दादा म्हणाला. इतक्या हळू, की वकिलांनी पुन्हा विचारलं आणि त्याला पुन्हा सांगावं लागलं. तेवढं मात्र मला फार गोड लागलं.

आता पंचाईत अशी, की घर त्याचं. त्याला बाहेर कसं काढणार? तेव्हा मंडळच उठलं. एकेकानं आपापलं घड्याळ मनगटावर चढवलं आणि चपला घातल्या. दारात वहिनी भात वाढायचा डाव हातात घेऊन उभी. "अहो, जेवण तयार आहे!" कुणी मागं वळलं नाही.

घड्याळजी हत्यारं गोळा करू लागला. मी त्याला थांबवलं. "ही माझ्या घड्याळात बसवून द्या."

"बाई, पाय गेले. चिकटवावी लागेल. तुमच्या मशीनवर आता कायमची अधूच राहणार."

"राहू दे."

त्यानं माझ्या घड्याळातली पांढरी डायल काढली. "आणि ही कुणाची?"

"त्याची."

घड्याळजीनं ती दादापुढं ठेवली. मग खिडकीकडे बघून म्हणाला, "उजेड पुरत नाही."

"दादा, दिवा धर."

दादानं टेबलावरचा दिवा उचलून धरला. त्याच्या कपाळावरचा घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. वहिनी आत भांडी आपटत होती.

"झालं ना समाधान?" तो म्हणाला.

"अजून नाही. दिवा जरा खाली घे. वाकडी बसली तर पुन्हा उचलायला लावीन."