नणंदेचं नाव

चहाची वाटी पालथी घालून मेरुएर्तने तिला फोन टेकवला. पडद्यावर आजी, तिची आपा, नीट मध्यात आली.

"हं आपा, बोल. बत्तीस सालच्या दुष्काळात आपल्या घरातलं कोण गेलं?"

"माझी नणंद. सहा वर्षांची होती."

"नाव?"

आपाने परातीतली कणीक पुन्हा मळायला घेतली. मृतांच्या नावाने सात शेल्पेक, पुरीसारख्या पातळ पोळ्या, तळायच्या होत्या.

"सासरच्या माणसांची नावं सून घेत नाही."

"ते सगळे कधीच गेले गं! आता कोण रागावणार आहे?" मेरुएर्त वैतागली. "नाव नसेल तर दुष्काळात गेलेल्यांच्या ऑनलाइन स्मारकात नुसतं 'एक मुलगी' असं लागेल. तिच्याबद्दल माहीत असलेली तू एकटीच उरलीस."

आपाचे हात थांबले. ती फोनकडे न बघता बोलू लागली.

"चालत निघाले होते सगळे. सासूच्या अंगात पोरगी आणि तान्हं बाळ, दोघांना उचलायचं बळ नव्हतं. तिनं पोरीला झुडपापाशी बसवलं. म्हणाली, बाळाला पुढे ठेवून येते, मी हाक मारली की ओ दे. परत येऊन तिनं रात्रभर हाका मारल्या."

मेरुएर्तने फोन उचलून स्मारकाचा अर्ज उघडला; नावाची जागा रिकामी होती.

"माझ्या पेन्शनच्या कागदावर काय नाव आहे?" आपानेच विचारलं.

"बातिमा."

"आणि गाव मला काय म्हणतं?"

"कामशात. पण ते तर तुझं लाडाचं..."

"मी लग्न होऊन दारात आले, तेव्हा सासूनं मला त्या नावानं हाक मारली. मग मरेपर्यंत त्याच नावानं हाका मारत राहिली. आता तूच लिही. मी घ्यायची नाही."

मेरुएर्तने डोळे पुसत ते नाव टाईप केलं.

एकतीस मेला, दुष्काळात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, गावच्या सभागृहात पडदा लावला होता. स्मारकातली नावं एकेक करून उमटत होती आणि एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज ती वाचत होता. लोक उभे होते, आपाला तेवढी खुर्ची दिली होती. एवढ्या नावांत तिला जरा डुलकी लागली.

"कामशात," आवाज म्हणाला. "वय वर्षं सहा."

आपा दचकून जागी झाली. काठी चाचपत, रुमाल सावरत ती धडपडून उठली.

"ओ! आले, आई."

सभागृहात कुणी हसलं नाही. मेरुएर्तने तिला खाली बसवलं नाही, नुसता तिचा हात धरून ठेवला.