वस्त्रगाळ भुकटी

शाझियाचे अब्बा, पीरमहंमद, विट्याजवळच्या खडी क्रशरवर आयुष्यभर मशीन चालवत आले, पण तोंडाला फडकं बांधायचं नाव घेत नव्हते. लेक सांगून सांगून थकली. "मला काय झालंय? घोड्यागत हाय मी," एवढंच त्यांचं उत्तर. असल्या हट्टी माणसापुढं शब्द वाया जातात. म्हणून सांगलीत ती ज्या प्रयोगशाळेत शिकत होती, तिथंच तिनं त्यांच्या क्रशरची धूळ तपासायला घेतली. डोळ्यांनी पाहिलं की ऐकतील, अशी तिची आशा.

तिथं माणसाच्या श्वासनळीच्या पेशी बशीत वाढवलेल्या होत्या. त्यांच्यावरची बारीक लव सारखी हलत असते आणि आत आलेली धूळ बाहेर ढकलते. अब्बांनी पाठवलेल्या पहिल्या बाटलीतल्या धुळीनं त्या लवेचं फारसं बिघडलं नाही, कारण बाटलीत दगडाची जाडसर कचच जास्त होती. "अब्बा, बारीक पाठवा," असं तीच फोनवर म्हणाली होती.

आज दुसऱ्या बाटलीतली धूळ घातलेली बशी तिनं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. लव हलत नव्हती. पेशी जागोजाग फुटल्या होत्या. इतकी बारीक धूळ छातीत पार तळापर्यंत जाते, हे तिला ठाऊक होतं. तिनं तिथूनच फोन लावला.

"अब्बा, ही एवढी बारीक कुठनं आणली?"

"कशी झालीया?" अब्बा खुशीत होते. "मसाल्यागत वस्त्रगाळ केलीया तुज्या अम्मीनं. सोताची ओढणी लावली गाळायला. वाऱ्यानं उडती म्हणून दारं-खिडक्या लावून बसती बिचारी. आत्ताबी बसलीया, तुला आणखी लागंल म्हणून."

बारीक धूळ मागितली शाझियानंच होती.

"अम्मीला बाहेर काढा, अब्बा. आधी बाहेर काढा. त्या धुळीनं इथल्या पेशी मेल्यात."

पलीकडं दार धडाधडा वाजलं. आतून अम्मीचा आवाज आला, "आवं, थांबा की. दार उघडलं तर समदी उडंल." मग कडी निघाली आणि काहीतरी भांडं पडलं.

अब्बा पुन्हा फोनवर आले तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता.

"माझं सोड. हिच्या छातीत किती गेली आसंल, तेवढं सांग."

बाप पहिल्यांदाच ऐकायला तयार झाला होता.