खंडेनवमीचा पहारा

पृथ्वीराजनं पाटावरची तलवार उचलली तेव्हा तिच्यावरचं कुंकू अजून ओलं होतं.

"अवो, पूजेतली हाय ती!" अनुजा ओरडली. कडेवरची मोना दचकून रडायला लागली. तोवर तो रस्ता ओलांडून गेलाही होता.

समोर धोंडुबाईंच्या घरावर जेसीबी चढला होता. शंभर वर्षांपूर्वी धोंडुबाईंनी पेठेतल्या पोरींना ज्या माडीवर पहिल्यांदा अक्षरं गिरवायला बसवलं, तिचा जिना एका धडकेत निखळून अंगणात पडला. यंत्राला झेंडूची माळ लटकत होती. हे घर वाचलं तर माडीवर पेठेची बालवाडी भरणार होती, आणि पहिलं नाव मोनाचं. त्यासाठी चार महिने सगळ्यांनी पाळ्या लावून दारात पहारा दिला. दुपारची पाळी अनुजाची. आज मात्र खंडेनवमी. "आज कोण लोखंड चालवतंय? जावा, पूजा करा," म्हणत तालमीच्या हंबीरराव वस्तादांनीच पहारा उठवला होता. घर पाडायला टपलेल्या बिल्डरनं तीच वेळ साधून यंत्राला नारळ फोडला आणि चावी फिरवायला लावली.

तालमीच्या माणसांनी काच फोडली. ड्रायव्हरला केसाला धरून खाली ओढलं. तिशीचा, किडकिडीत माणूस. बरगड्यांवर लाथा बसत होत्या तसा मुटकुळं होत गेला. बिल्डरच्या दोघांनी पाइप काढले. कुणाचा तरी जबडा वाजला, कुणी दात थुंकत भिंतीला टेकला. ड्रायव्हर रांगत चाकामागं निघाला होता. पृथ्वीराजनं वार केला तेव्हा त्यानं नुसता हात आडवा धरला.

दोन बोटं झेंडूच्या पाकळ्यांत पडली.

अनुजा रस्ता ओलांडून धावत आली. तिनं मोनाला जोत्यावर बसवलं, तिचं दुपटं फाडलं आणि तो हात आवळून बांधला. रक्त तिच्या बांगड्यांखालून कोपरापर्यंत आलं.

"डोळं मिटू नका. नाव काय दादा?"

"आकाराम."

"घरात कोण कोण हाय?"

तो मोनाकडं बघत राहिला. "एवढीच पोरगी हाय."

पंधरा दिवसांनी वस्ताद चहाला आले ते खुशीतच.

"घर वाचलं, सूनबाई! पोलिसांनी सील ठोकलंय. खटला संपंस्तवर एक दगड हलवायचा न्हाय. धा वर्षं तरी निघतील की!"

"आणि ह्यांचं काय? अजून कोठडीतच हायेत."

"वाघ हाय त्यो. आत बसंल. पेठ तुला काय कमी पडू देणार न्हाय."

"वकील म्हणत होते, वार कुणी केला ते दिसलं न्हाय, असं त्या आकारामनं सांगितलं तर हे सुटतील."

वस्तादांनी बशी खाली ठेवली. "मग खटलाच बसला की. सील निघंल, दुसऱ्या दिवशी जेसीबी दारात. बिल्डरला तेच पायजे. त्या आकारामकडं कुणी फिरकायचं न्हाय, सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"कुठला हाय तो?"

"शाहूवाडीच्या वरचा, डोंगरातला. का?"

"लय थंडी असंल तिकडं आता," अनुजा म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

सकाळच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. गाडी पेठेच्या तोंडाशी वळली तेव्हा गल्लीच्या टोकाला धोंडुबाईंची माडी दिसली. सील केलेल्या दारावर कुणीतरी आकाशकंदील टांगला होता. अनुजानं मोनाला आपल्याकडं वळवलं, तिच्या कानटोपीचे बंद हनुवटीखाली बांधले आणि शाहूवाडीचं तिकीट मागितलं.

"माघारीची शेवटची गाडी साडेपाचला हाय बघा, ताई," कंडक्टर म्हणाला. "चुकली तर मुक्कामच पडंल."

"पडू दे," ती म्हणाली. "त्यो व्हय म्हणंस्तवर उठणार न्हाय मी."