बाबांची नवी कवळी

“आणि वडिलांचं काय करायचं?” प्लॅनरबाईंनी विचारलं. जास्तीच्या पन्नास खुर्च्या कुठे टाकायच्या हे विचारतानाही त्यांचा आवाज अगदी असाच होता.

“काय करायचं म्हणजे?” नवरी म्हणाली.

“म्हणजे बघा, कार्यक्रमात आठ नंबरला त्यांचं दोन मिनिटांचं मनोगत आहे. परवा फोनवर बोलले ना ते माझ्याशी. गोड आहेत हो खूप! पण ते...” बाईंनी दोन बोटं ओठांसमोर धरून टकटक केली. “दातांचा आवाज येतो. माइकमध्ये केवढा होईल तो. सगळा फील जातो.”

‘फील’ हा शब्द बाई दर तिसऱ्या वाक्याला वापरत. पडद्यांना फील होता, खुर्च्यांच्या कव्हरांना होता, बादलीएवढ्या त्या प्लॅस्टिकच्या कारंज्यालाही होता. नवरीने त्यांच्या हसऱ्या तोंडाकडे नीट पाहिलं. वरचे सहा दात बसवलेले. महागाचं काम, पण घाईचं. हिरडीपाशी करडी रेघ सुटली होती. सोळा वर्षं एका डेंटल लॅबमध्ये दुसऱ्यांचे दात घडवून नवरीला ही खोड लागली होती. माणूस काय बोलतो ते तिला नंतर ऐकू यायचं, आधी त्याचं तोंड दिसायचं. आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागायचं.

“मी म्हणणार नव्हते,” शेजारच्या सोफ्यावरून होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, “पण आता विषय निघालाच आहे तर...”

विषय कुणी काढायला लावला हे न कळण्याइतकी नवरी कोवळी नव्हती. सदतीस वर्षांची होती. सासूबाईंचे दात त्यांचे स्वतःचे होते, पण टोकं झिजून सपाट झालेली. झोपेत करकर खात असणार. ज्यांना दिवसा मनासारखं चावायला मिळत नाही, ते रात्री चावतात, असं तिचं आपलं एक मत होतं.

“आमच्याकडे एक आवाज आहे,” प्लॅनरबाई उत्साहाने म्हणाल्या. “जाहिरातींना देतो तो. काय खर्ज आहे! शब्द वडिलांचे, आवाज त्याचा. वडील नुसते हसत उभे राहतील, वरून त्यांच्यावर प्रकाश सोडू.”

“पुतळ्यावर सोडतात तसा?”

“अगदी!” बाई म्हणाल्या. टोमणा त्यांच्या अंगाला लागलाच नाही.

नवरीने नवरदेवाकडे बघितलं. तो विमा कंपनीत सर्वेअर होता. ठोकलेल्या गाड्यांभोवती फिरून किती मोडलंय ते लिहायचं, हे त्याचं काम. त्यामुळे असेल, कुठेही काही आदळलं की तो आधी दोन पावलं मागे व्हायचा. मावशीने हे स्थळ आणलं तेव्हा तो एक कप चहा आवाज न करता प्यायला होता, आणि नवरीने होकार दिला होता. आताही तो आवाज न करता बसला होता.

“तुला काय वाटतं?” तिने विचारलं.

“आई म्हणते त्यात तथ्य आहे थोडं,” तो म्हणाला. “म्हणजे, तुझंही आहेच.”

“बाबाच बोलतील,” नवरी म्हणाली.

“मग दातांचं बघ बाई काहीतरी,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्याच हातची कवळी ना ती? आम्ही मोठ्या तोंडाने सांगतो सगळ्यांना, सून कवळ्या करते म्हणून. आणि व्याही उभे राहून टकटक करणार.”

हे मात्र लागलं. कारण खरं होतं.

बाबांनी तीस वर्षं बस स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती. गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, का नाही आली अजून. दिवसाला हजार वेळा तेच. निवृत्त झाले तेव्हा दात संपले होते आणि बोलणं उरलं होतं. नवरीने तेव्हा, अकरा वर्षांपूर्वी, त्यांची कवळी केली. मेणापासून पॉलिशपर्यंत एकटीने केलेली तिची ती पहिलीच. जरा सैलच झाली. बाबा ती घालून घरोघर हिंडले. “आमच्या कारागिराने केली,” असं टकटकत सांगून आले. पुढे ती कामात तरबेज झाली, दहा वेळा म्हणाली, नवी करू या. बाबा म्हणत, “हिला काय झालंय? चावते, बोलते. तुझ्यापेक्षा जास्त बोलते.”

या वेळी मात्र ते लगेच तयार झाले. लग्नाचं नाव काढलं की ते हल्ली कशालाही तयार व्हायचे, आणि नवरीला त्याचाच राग यायचा.

रंग ठरवायला प्लॅनरबाई स्वतः लॅबमध्ये आल्या. प्लॅस्टरची भुकटी उडू नये म्हणून त्यांनी नाकाला रुमाल लावला. दातांच्या रंगांची पट्टी हातात घेऊन त्यांनी पिशवीतून पडद्याच्या कापडाचा तुकडा काढला, आणि एकेक नमुन्याचा दात त्याच्यावर ठेवून बघू लागल्या.

“हा!” शेवटी म्हणाल्या. “मोतिया थीमला हाच जातो.”

तो सगळ्यात पांढरा होता. सोळा वर्षांत तो कुणी मागितला नव्हता. लॅबमध्ये त्या रंगाचं दुसरं काही असेल तर हात धुवायचं बेसिन.

“एकाहत्तर वर्षांच्या माणसाला हा?” नवरी म्हणाली.

“फोटोत दहा वर्षांनी तरुण दिसतील. आणि पुढचा तो एक दात वाकडा आहे ना, तो सरळ घ्या हं.”

पहिल्या कवळीत तो दात तिने मुद्दाम वाकडा बसवला होता, बाबांचा स्वतःचा होता तसा. आता तिच्या डोक्यात एकच होतं: या बायांना तोंड उघडायला जागा ठेवायची नाही. असं काम करून दाखवायचं की सासूबाईंनी आणखी थोडे दात झिजवावेत. तिने दात सरळ घेतला. दुपारचं जेवण टाळून तीन दिवस बसली. कपड्यांची मापं, फुलांची यादी, हॉलवाल्याचे फोन, या सगळ्यात बाबांना माप द्यायला बोलवायचं राहूनच गेलं; आणि फळीवरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात त्यांच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा होताच. आपल्याच माणसाचा जबडा. तिने तो पुसला आणि कामाला लागली.

कवळी देखणी झाली. लॅबचा मालक, जो कौतुक करायला परवडत नाही अशा चेहऱ्याचा माणूस, तोसुद्धा “वा” म्हणाला. बाबांनी ती घातली, आरशात पाहिलं आणि जरा दचकले. आरशात कुणी बँकेचा मॅनेजर उभा होता.

“बोला काहीतरी.”

“गाडी वेळेवर सुटेल,” बाबा म्हणाले. टकटक नाही, काही नाही. गालिच्यावरून चालावं तसा आवाज.

“दुखत नाही ना कुठे?”

“छे! लोण्यासारखी बसली.”

पुढच्या आठवडाभरात ते कमी बोलू लागले. नवरीला वाटलं, मुलगी जाणार म्हणून असेल. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी, सकाळी, हॉलमध्ये तालीम होती. लग्नाची तालीम ही गोष्टच नवरीला पटत नव्हती. आयुष्यात निदान एक दिवस तरी माणसाला चुकायची मोकळीक असावी, तर तोही पाठ करून घ्यायचा! प्लॅनरबाई गळ्यात शिट्टी अडकवून फिरत होत्या. नवरदेवाला तीन वेळा दारातून आत यायला लावलं. तिन्ही वेळा तो सारखाच आला, आणि तिन्ही वेळा बाई म्हणाल्या, “छान, पण थोडं अजून मनापासून.” सासूबाई पहिल्या रांगेत बसून पडदे मोजत होत्या.

“आठ नंबर! वधूपिता!”

बाबा खुर्चीवरून उठून माइकपाशी आले. प्लॅनरबाईंनी लिहून दिलेलं कार्ड त्यांच्या हातात होतं. वरून प्रकाश पडला आणि दात असे चमकले की बाबांचा उरलेला चेहरा त्यांच्यामागे उभा असल्यासारखा वाटला.

“आज,” बाबा वाचू लागले, “माझ्या काळजाचा हा नाजूक तुकडा...”

नाजूक तुकडा मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. गेल्या सोळा वर्षांत कुणी तिला नाजूक म्हटलं नव्हतं आणि तिने ते खपवूनही घेतलं नसतं.

“...तुमच्या ओंजळीत ठेवताना...” बाबा थांबले. खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबले.

“भरून आलं त्यांना,” सासूबाई समाधानाने म्हणाल्या. “असंच लग्नात झालं पाहिजे हं!”

नवरीने मात्र रुमालावरचा लाल डाग बघितला होता. ती भिंत सोडून पुढे गेली.

“आ करा, बाबा.”

“अगं, इथे?”

“आ करा.”

बाबांनी आ केला. तिने कवळी काढून हातात घेतली आणि त्यांची हनुवटी प्रकाशाकडे वळवली. खालच्या हिरडीवर डाव्या बाजूला दोन फोड फुटलेले, उजवीकडे लांबलचक चीर. आठवड्याची.

तिला लगेच कळलं. शिकायला आलेल्या पहिल्या महिन्यातल्या पोरीलासुद्धा कळलं असतं. दात गेले की हिरडी दर वर्षी झिजत जाते. पाच वर्षांपूर्वीच्या मापावर कवळी करायची नाही, हे ती स्वतः शिकाऊ मुलींना ओरडून सांगायची. आणि तिने अकरा वर्षांपूर्वीच्या साच्यावर केली होती. जो जबडा आता नव्हताच, त्याच्यासाठी. करडी रेघ सोडणाऱ्याला नावं ठेवता ठेवता तिने हे करून ठेवलं होतं.

“कधीपासून?”

“दिलीस तेव्हापासून,” बाबा म्हणाले. दातांशिवाय त्यांचे ओठ आत वळले होते आणि शब्दांच्या कडा विरघळल्या होत्या. “टकटक होऊ नये म्हणून दाबून धरत होतो. सवय होईल म्हटलं.”

“सांगायचं नाही मला?”

“तू धावपळीत. आणि सगळे म्हणतात काम फार छान झालंय.”

आजवर तिच्याकडे प्रत्येकासाठी काहीतरी लागट तयार असायचं. स्वतःसाठी आज पहिल्यांदा गरज पडली आणि एकही सापडेना.

प्लॅनरबाई लगबगीने आल्या. “काही प्रॉब्लेम? आपला आवाजवाला आहे अजून मोकळा. मी लगेच...”

“मी बोलतो असाच,” बाबा म्हणाले.

“काय म्हणतायत?”

“असाच बोलतो म्हणतायत,” नवरी म्हणाली.

बाबांनी कार्ड उलटं करून खुर्चीवर ठेवलं आणि माइक दोन्ही हातांनी धरला. मग ते बोलले. हॉलभर नुसती वाफ पसरल्यासारखं झालं. फू, हं, म, आणि मध्येच एखादा गुळगुळीत स्वर. सासूबाई छताकडे बघू लागल्या. दिवे लावणारा माणूस खाली बघून हसला.

नवरीला प्रत्येक शब्द कळत होता. बिनदातांची माणसं रोज तिच्या टेबलासमोर बसत आणि त्यांचं बोलणं त्यांच्या घरच्यांनाही कळत नसे. ते तीच उलगडून सांगायची.

बाबा म्हणत होते, “मी तीस वर्षं लोकांना सांगितलं, गाडी कुठून सुटेल. पण कुणाला सोडायला फलाटावर कधी गेलो नाही. खिडकी सोडून जायची परवानगी नव्हती. आज पहिल्यांदाच चाललोय. कसं वागायचं असतं ते मला ठाऊक नाही.” ते थांबले, ओठ ओले केले. “आमची पोर कामाला बसली की दुपारची जेवत नाही. कुणीतरी विचारत जा. विचारलं की अंगावर येते. तरी विचारायचं.”

एवढंच. दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत.

“कुणाला काही कळलं का?” सासूबाईंनी हॉलला विचारलं. “परवा तीनशे माणसं असतील!”

“नाही कळणार त्यांना,” नवरी म्हणाली. “बाबा असेच बोलतील. हिरडी भरून यायला पंधरा दिवस लागतील, तोवर ना ही कवळी ना जुनी. आवाजवाल्याला नको म्हणून सांगा.”

“अगं, पण लोक हसतील!”

“हसू देत. दात आहेत त्यांना.”

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. नवरदेव सवयीप्रमाणे दोन पावलं मागे सरकेल, म्हणून नवरीने आधीच नजर वळवली होती. पण तो मंचाच्या पायरीपाशी आला.

“शेवटी काय म्हणाले ते?” त्याने हळूच विचारलं. “दुपारचं... जेवण असं काहीतरी होतं ना?”

“हो.”

“आणि त्याच्या पुढचं?”

“सांगेन नंतर.”

निम्मंच कळलं होतं त्याला. तेवढं काही फार नव्हतं. पण कवळ्या बसवणाऱ्या डॉक्टरांनाही सोळा वर्षांत तेवढं कळलं नव्हतं, हे तिला कबूल करावं लागलं. तिने मनातल्या मनात कबूल केलं, चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

कवळी तिने रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली, किल्ल्यांच्या खाली. बाबांनी पाणी मागितलं. तिने ग्लास दिला. ते दोन्ही हातांनी धरून प्यायले, आणि थोडं पाणी ओठांच्या कोपऱ्यातून निसटून कॉलरवर गेलं. प्लॅनरबाईंनी घाईघाईने टिश्यूचा डबा पुढे केला. तो दिसलाच नाही अशा थाटात बाबांनी ग्लास खाली ठेवला, मनगटाने हनुवटी पुसली, कोटाचं वरचं बटण लावलं आणि काहीतरी विचारलं.

“काय हवंय त्यांना?” बाई म्हणाल्या.

“पुढे नऊ नंबरला कोण आहे, विचारतायत,” नवरी म्हणाली. मग बाबांकडे वळली. “मीच आहे.”

बाबांनी मान हलवली. आपली खुर्ची उचलली, आवाज होऊ न देता हातभर बाजूला ठेवली, तिला पुढे जायला वाट होईल एवढी, आणि बसले.