चौथ्या पुस्तकाचा दोरा

“बाइके, हे कसलं दुंगान पुस्तक? निम्मं रशियनच आहे की यात!”

तरुण मेरिम असं म्हणाली आणि तिच्या बाइकेच्या, म्हणजे सागिनदादाच्या, हातातला चहाचा प्याला हातातच राहिला. कधीतरी आपण पकडले जाणार हे त्याला ठाऊक होतं. पण नेमकं आज, जुनं यंत्र बंद करायच्या दिवशी?

बिश्केकच्या त्या लहानशा ऑफिसात शेतीच्या पाणीपाळ्या लावणारा प्रोग्राम तयार होई, आणि त्याचं माहितीपुस्तक किरगीझ, रशियन, उझ्बेक आणि दुंगान अशा चार भाषांत निघे. ही पुस्तकं जुळवून बांधणारी व्यवस्था सागिननं तरुणपणी एकहाती लिहिली होती. कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर ती घरघरत चाले. एक स्वल्पविराम बदलला तरी चारही पुस्तकं मुळापासून बांधायला घेई. तोवर माणसं जेवून येत. मेरिमची नवी व्यवस्था जेवढं बदललं तेवढंच बांधायची. सागिननं तिच्यात खोट काढायचा खूप प्रयत्न केला, पण सापडली नाही. वाईट वाटलं, तरी पोरगी हुशार आहे असं तोच सगळ्यांना सांगत सुटला.

आज तीन पुस्तकं झटक्यात झाली आणि चौथ्यापाशी नवं यंत्र अडून बसलं. भाषांतर अपुरं म्हणे.

“इस्मार गेल्यावर नवा मजकूर कुणी केलाच नाही,” सागिन म्हणाला. “जिथं दुंगान वाक्य नाही, तिथं माझं यंत्र गुपचूप रशियन घालतं.”

“गुपचूप का पण?”

“साहेबांना कळलं असतं तर पुस्तकच बंद केलं असतं. वाचतंय कोण, म्हणाले असते.”

इस्मार दाउरोव चीनमधून आलेल्या दुंगान लोकांच्या मिल्यानफान गावचा, कांदा-लसूण पिकवणारा. दिवसभर राबून संध्याकाळी तो पाटाच्या कडेला बसून एकेक वाक्य आपल्या भाषेत आणायचा. शहरात आला की सागिनसाठी आश्ल्यानफूचा डबा असायचाच. त्या आंबट-तिखट शेवया खाऊन सागिनला घाम फुटला की इस्मार हसून म्हणायचा, “आमच्या म्हाताऱ्यांना पाणी कळतं रे भावा, रशियन नाही कळत.” मागच्या वसंतात तो गेला. आता त्याचं पुस्तकही जाणार होतं, आणि ते सागिनला सोसवेना.

“एवढ्या एका पुस्तकापुरतं जुनं चालू ठेवू,” तो म्हणाला.

“आणि तुम्ही निवृत्त झाल्यावर? त्या खोक्याची समजूत कोण काढणार?”

सागिननं कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाकडे पाहिलं. पोरगी खोटं बोलत नव्हती.

“मीही रशियनच घालते,” मेरिम म्हणाली, “पण उघड. त्या-त्या वाक्यावर लिहून येईल: ‘हे अजून दुंगानमध्ये यायचं आहे, जमत असेल तर कळवा.’ तुम्ही झाकून ठेवलंत, मग मदतीला येणार कोण, बाइके?”

हे त्याला लागलं. प्याला खाली ठेवून तो उठला, साहेबांच्या खोलीत गेला आणि सगळं सांगून टाकलं. परतला तेव्हा कान लाल झाले होते.

“वर्षभराची मुदत दिलीय. तेवढ्यात रशियनच्या जागी दुंगान वाक्यं आली तर पुस्तक राहील. बांध.”

चौथं पुस्तक बांधून झालं. मेरिमनं ड्रॉवरमधून काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ काढला, नव्या यंत्राभोवती गुंडाळला आणि कात्री पुढं केली. किरगीझ रीतच आहे: पहिलं पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या पायांना बांधलेला असा दोरा कापायचा मान ज्याला देतात, त्याचे गुण मुलात उतरतात म्हणे.

“मला? अगं, हेकट निघेल ते.”

“हेकट चालेल. तुम्ही कुणाला मागं सोडत नाही, तेवढं मात्र त्याच्यात उतरू दे.”

सागिनचे डोळे भरून आले. त्यानं दोरा कापून खिशात ठेवला. पडद्यावर पहिलं पान होतं; भाषांतर इस्मार दाउरोव, आणि खाली एका नावाची जागा रिकामी.

मग कोपऱ्यात जाऊन त्यानं जुनं यंत्र बंद केलं. घरघर थांबली, आणि खिडकीखालच्या पाटाचं पाणी ऐकू येऊ लागलं. एवढी वर्षं ते तिथंच वाहत होतं.