कर्नलसाहेबांचं उन्हाळी कपाट

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी कर्नल रघुनाथ सुर्वे एकाएकी टिपटॉप राहायला लागले, याचं चंदीगडलगतच्या मनीमाजऱ्याच्या त्या सोसायटीत सगळ्यांना कौतुक होतं. सकाळी फेरफटक्याला निघाले की खालच्या मजल्यावरचे भल्लाजी हटकून अडवत. “कर्नल साब, बड़े जच रहे हो! भाभीजी का कमाल है?” “ना जी, अपनी पसंद है,” असं म्हणून कर्नल मिशीतल्या मिशीत हसत. वर बाल्कनीत कपडे वाळत घालणारी त्यांची बायको नयना मात्र चटकन आत जाई.

कमाल तिचीच होती. पण ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

फेब्रुवारीत एकदा कर्नल आंघोळ करून बाहेर आले ते पांढरा पायजमा आणि वर लग्नातला बंद गळ्याचा कोट घालून. बँकेत जायचं होतं. नयनाला आधी हसू आलं, मग त्यांचा चेहरा बघून हसू विरलं. ते थट्टा करत नव्हते. त्यानंतर एकदा दोन पायांत दोन वेगवेगळे बूट. एकदा सेक्टर सतराच्या बाजारातून परत येताना गाडी चौकात उभी करून म्हणाले, “आपण राहतो कुठे ते जरा आठवू दे.” चंदीगडसारख्या आखून दिलेल्या शहरात, जिथे पाहुणेसुद्धा दुसऱ्या दिवशी रस्ते सांगायला लागतात! तेव्हापासून गाडी नयना चालवायला लागली, नजर अधू झालीय तुमची, असं काहीतरी सांगून.

डॉक्टरांचं नाव काढलं की कर्नल भडकत. “मला काय झालंय? वय होतं माणसाचं. तू मला वेड्यात काढू नकोस, नयना.” तीन वेळा तिने विषय काढला, तीनदा घरात दोन-दोन दिवस अबोला झाला. मग तिने तोंड मिटलं आणि कपाट उघडलं.

कल्पना मुलीची. ऋता बंगळुरूला असते. तिने एकदा फोनवर सांगितलं होतं, “आई, आजकाल मोजकेच कपडे ठेवतात. असे निवडायचे की कशावरही काहीही घातलं तरी शोभलंच पाहिजे. You can't go wrong!” ऋता बोलत होती आईच्या कुर्त्यांबद्दल. नयनाने ते नवऱ्यासाठी उचललं. चुकता येणारच नाही असं कपाट! तिला आणखी काय हवं होतं?

सेक्टर सतराला तीन फेऱ्या मारून तिने सगळं जमवलं. चार शर्ट: एक पांढरा, एक आकाशी, एक फिकट राखाडी आणि एक बारीक निळ्या रेघांचा, सगळे लिनन नाहीतर मऊ सुती. तीन पँटी: गर्द निळी, राखी आणि बदामी. तपकिरी पट्टा एकच. तपकिरी बूटही एकच जोड, बिननाडीचा. बाकीचं सगळं, स्वेटर, कोट, रंगीबेरंगी टी-शर्ट, लष्करी काळ्या ट्रंकेत गेलं आणि ट्रंक पलंगाखाली. आता कर्नलनी डोळे मिटून हात घातला तरी बाहेर पडताना माणूस रुबाबदारच दिसे. “सुटसुटीत झालं,” ते म्हणाले. त्यांचा विश्वास बसला की हे त्यांनीच ठरवलं होतं. नयनाने बसू दिला.

टायही ट्रंकेत गेले. एका सकाळी एका लग्नाला जायचं होतं. बराच वेळ झाला तरी कर्नल येईनात म्हणून ती बघायला गेली, तर ते आरशापुढे उभे. टाय गळ्यात. एक टोक वर, एक खाली, पुन्हा सोडलं, पुन्हा घेतलं. वीस मिनिटं. ती दाराआड उभी राहिली आणि पाऊल न वाजवता परत फिरली. शेवटी ते उघड्या गळ्याने बाहेर आले. “फार उकडतंय,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा टाय तिने गुंडाळून ट्रंकेत टाकले.

त्या अकरांत पलटणीचा टाय होता. आणि मेमध्ये पलटणीचा स्थापना दिवस.

फौजीच्या बायकोने असं विसरावं? पण खरं सांगायचं तर नयनाचं त्या टायकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. तीस वर्षं स्थापना दिवसाला ती साडीच्या निऱ्यांत आणि मुलीच्या वेण्यांत अडकलेली असे. आपला पोशाख कर्नल आपणच बघत. त्या पलटणीत रिवाजच होता, ऊन कितीही असो, माजी अधिकारी त्या दिवशी पलटणीच्या टायशिवाय अधिकाऱ्यांच्या मेसची पायरी चढत नसे. नयनाने आकाशी शर्ट आणि निळी पँट पुढे आणून ठेवली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

चंडीमंदिर छावणीतल्या मेसमध्ये शिरताच तिच्या लक्षात आलं. चाळीस गळ्यांत एकच टाय, मरून रंगावर पिवळी रेघ. तिच्या नवऱ्याचा गळा मोकळा.

कर्नलचा हात आपोआप गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. मेस हवालदार रिवाजाप्रमाणे ट्रेमध्ये जादा टाय घेऊन आला. आजूबाजूला हशा झाला, प्रेमाचाच होता. कर्नलनी टाय उचलला. गळ्यात घातला. मग बोटं थांबली.

नयनाला धरणी दुभंगावी असं वाटलं.

“सर, आज मी,” असं म्हणत ब्रिगेडियर शिशिर पुढे आला. कधीकाळी याच कर्नलच्या हाताखाली नवखा लेफ्टनंट म्हणून आला होता. “पहिल्या दिवशी माझा तुम्ही बांधला होता, फेडू द्या.” त्याने चटकन गाठ मारली, थट्टा केली, गर्दी पांगली. पण नयनाकडे त्याने जे पाहिलं, त्यात थट्टा नव्हती.

घरी येताना कर्नलनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले, “नयना, मी पलटणीचा टाय विसरलो.”

तिने गाडीचा वेग कमी केला.

“बाकी काही विसरलो असतो तर चाललं असतं. हे नाही. तू म्हणत होतीस ते बरोबर असेल. घेऊन चल मला डॉक्टरकडे.”

जे ऐकायला तिचे कान तीन महिने आसुसले होते, ते असं आलं! तुम्ही विसरला नाहीत हो, तो टाय मीच ट्रंकेत कोंबलाय, एवढंच तिला म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर ते डॉक्टरकडे आले नसते, हेही तिला ठाऊक होतं. “उद्याच जाऊ,” ती म्हणाली. स्वतःची इतकी शरम तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सेक्टर बत्तीसच्या सरकारी रुग्णालयात तासभर बसल्यावर नंबर लागला. डॉक्टर तरुण, शांत मुलगी होती. तिने तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावलं, मग म्हणाली, “अंकलजी, आप तो बहुत स्मार्ट लग रहे हैं. कपड़े ख़ुद चुनते हैं?”

“ख़ुद,” कर्नल ताठ बसून म्हणाले. “एक दिन भी ग़लती नहीं हुई. बस वो टाई.”

डॉक्टरने लिहायला पेन टेकवलं आणि नयनाकडे पाहिलं. “आंटीजी? ठीक है?”

हो म्हणणं किती सोपं होतं! पण त्या कागदावर काय लिहिलं जाणार त्यावरच पुढचं औषधपाणी होतं. “नहीं,” ती म्हणाली. “अलमारी मैंने ऐसी लगाई है कि ग़लती हो ही न सके. टाई भी मैंने छुपाई थी.”

कर्नल तिच्याकडे वळले. मग त्यांचा चेहरा उजळला, अगदी लहान मुलासारखा. “म्हणजे टाय मी विसरलो नव्हतो!” ते उठलेच. “मग मला झालंय काय? चल घरी.”

“अहो, बसा.” एकतीस वर्षांत ती त्यांच्याशी या आवाजात बोलली नव्हती. “तुम्हाला गाठ मारता येत नव्हती, म्हणून काढले मी टाय. त्या लग्नाच्या सकाळी वीस मिनिटं तुम्ही आरशापुढे उभे होतात. मी दाराआडून बघत होते.”

कर्नल हळूहळू खाली बसले. डॉक्टरला मराठी कळत नव्हतं, पण तिने पेन खाली ठेवलं.

“तू बघत होतीस?”

“हो.”

“मग आत का नाही आलीस?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर तिला बरं वाटलं असतं. “मी किती घाबरलो होतो, नयना.”